सहावा निरोप बैलांचा होता

लोक मला अजून विचारतात, "तुम्ही रेडिओवर होतात ना? मग गाणी लावायचात का?" पहिली काही वर्षं मी उभं राहून नीट समजावून सांगत होतो. आता "हो, लावायचो की" म्हणतो आणि पुढं चालू लागतो.

संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर एकदाच सांगून मोकळा होतो. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सोलापुरात सात रस्त्याला. पोट त्याच्यावर चाललं. दुकानात येणारी माणसं एकेक नग. एका आजोबांनी मर्फी रेडिओचं धूड डोक्यावरून आणून टेबलावर ठेवलं. तक्रार काय, तर बातम्या देणारा माणूस बदललाय, जुना परत घाला. मी व्हॉल्व्ह पुसले, धूळ झटकली आणि दोन दिवसांनी न्यायला या म्हणालो. नशिबानं त्या संध्याकाळी जुनाच माणूस बातम्यांना लागला, आणि आजोबांनी अर्ध्या सोलापुरात माझं नाव केलं.

पण माझी खरी नोकरी दुकानात नव्हती, घराच्या गच्चीवर होती आणि बिनपगारी होती. मी हॅम होतो, म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारची परीक्षा द्यायची, तारेची कट्ट-कडकट्ट भाषा शिकायची, लायसन मिळवायचं आणि मग स्वतः जोडलेल्या यंत्रावरून जगातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बोलायचं. ऐकायचा रेडिओ सगळ्यांकडं असतो, आमच्याकडं बोलायचाही असतो, एवढाच फरक. काय बोलायचं? तुझा आवाज कसा येतो, माझा कसा येतो, तुझ्याकडं हवा कशी आहे. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही, गाणी तर नाहीतच. आणि सगळ्यांत कडक नियम असा की लायसन नसलेल्या माणसाच्या हाती माईक द्यायचा नाही, आणि तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही. टेलिफोन-तारा बंद पडून मोठं संकट आलं तरच ही बंधनं सैल होतात. थोडक्यात, गावावर संकट आलं तर आम्ही उपयोगी, एरवी कुणाच्याच उपयोगाचे नाही.

गल्लीला माझा उपयोग होता, नाही असं नाही. गच्चीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी एरियलची तार ताणलेली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू तिच्यावर धोतरं वाळत घालायच्या. त्या दिवशी जपानला जायचा माझा आवाज मोहोळलाही पोचायचा नाही. सूड म्हणून असेल, पण माझं यंत्रही लोकांच्या घरात घुसायचं. समोरच्यांकडं सत्यनारायण होता, कर्णा लावलेला. गुरुजी कथा सांगता सांगता श्वास घ्यायला थांबले आणि कर्ण्यातून माझा आवाज आला, "हॅलो, हॅलो, कुणी ऐकतंय का?" मंडळींनी हात जोडले. गुरुजींनी मला आयुष्यभर माफ केलं नाही.

हवेतला माझा जिवाभावाचा दोस्त म्हणजे कुर्डुवाडीचा सदाशिव. रेल्वेच्या वर्कशॉपात टर्नर. रोज सकाळी सहाला आम्ही बोलायचो. सात वर्षांत प्रत्यक्ष भेटलो दोनदा, आणि दोन्ही वेळा काय बोलावं ते कळेना. समोरासमोर "ओव्हर" म्हणता येत नाही ना. बटण दाबून बोलायचं, बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं, बटण सोडायचं, मग समोरचा बोलणार, अशी आमची सवय. सदाशिव तर इतका काटेकोर की शिंक आली तरी "ओव्हर" म्हणून मगच शिंकायचा. नियमांच्या बाबतीत मीही काही कमी नव्हतो. एकदा कलेक्टर कचेरीतले एक साहेब गच्चीवर आले, हौसेनं माईकला हात लावायला गेले, तर मी तो काढून घेतला आणि त्यांना नियमाचं कलम वाचून दाखवलं. सदाशिवला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शाब्बास मल्लिनाथ. ओव्हर."

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती विनोदी नाही. घरात आम्ही कन्नड बोलतो. माझी बायको महानंदा रागावली तरी कन्नडमध्येच रागावते. पण मन दुखावलं की माझ्याशी मराठीत बोलते, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. तिची आई, आमची अव्वा, आमच्याकडंच असायची. एका सकाळी अव्वाला एकाएकी जास्त झालं. मी गच्चीवर सदाशिवशी बोलत होतो. महानंदा धावत वर आली. तिची थोरली बहीण कुर्डुवाडीत दिलेली, सदाशिवच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. महानंदा म्हणाली, "अक्काला लगेच निघायला सांगा. त्यांना म्हणावं, सायकलवर जाऊन सांगून या."

मी म्हणालो, तिसऱ्या माणसाचा निरोप देता येत नाही.

"मग मला द्या. मीच बोलते."

मी म्हणालो, तुला लायसन नाही. एका घरातलं आजारपण नियमाच्या भाषेत संकटात मोडत नाही, हेही सांगितलं. व्याख्या मला पाठ होती. मग सायकल काढून तार ऑफिसकडं सुटलो. किती जोरात सायकल मारली ह्याचाच मला अभिमान. तार दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. अक्का संध्याकाळच्या गाडीनं आली तेव्हा अव्वाला जाऊन पाच तास झाले होते. दाराबाहेरच्या चपला बघून ती उंबऱ्यातच बसली.

 रोज सकाळी महानंदा माझा चहा गच्चीवर आणायची, तो बंद झाला. खाली येऊन प्यायचा, आणि "चहा ठेवलाय" हेही मराठीत. मी मात्र स्वतःला समजावत होतो की माझं नियमाप्रमाणं बरोबर होतं. खरं सांगतो, मला लाज वाटायला दोन वर्षं लागली.

ती कशी वाटली, त्याचीच ही गोष्ट.

पावसाळ्याच्या तोंडावर वरून हुकूम आला की पुराच्या वेळी निरोप कसे पोचतात, ह्याचा सराव करून बघायचा. मी सीना नदीकाठच्या शिरसवाडीत यंत्र घेऊन बसायचं, सदाशिवनं कुर्डुवाडीत आपल्या घरी ऐकायचं, आणि त्याच्याजवळ कचेरीचे अव्वल कारकून, सगळ्यांचे भाऊसाहेब, बसून निरोप उतरवून घेणार. निरोपांची यादी त्याच कारकुनांनी तयार केलेली. त्यांना नाटकं लिहायचा नाद होता. दहा निरोप होते, एकाहून एक. सहावा होता, "चार बैल पाण्यात हंबरत आहेत, पैकी एक पांढरा." सातवा, "गावात एक गरोदर बाई अडली आहे, डॉक्टर पाठवा." आणि खाली सूचना, निरोप देणाऱ्याने आवाजात खरेपणा आणावा.

कुणी घाबरू नये म्हणून प्रत्येक निरोपाच्या आधी आणि शेवटी "सराव, सराव" म्हणायचं, हा नियम मी आणि सदाशिवनं घातला. असे अकरा नियम आम्ही केले. मधेच काही खरं घडलं तर काय म्हणायचं, हा बारावा नियम मात्र दोघांनाही सुचला नाही.

एसटीच्या टपावर मोटारीची बॅटरी, यंत्राची पेटी आणि तारेचं भेंडोळं टाकून मी सकाळी शिरसवाडीत उतरलो. एरियलला उंच झाड हवं. गावातला सगळ्यांत उंच कडुलिंब कोंडाबाईंच्या अंगणात होता, म्हणून त्यांच्याच ओसरीवर मुक्काम टाकला. साठीच्या बाई, आवाज असा की बिनतारीचं यंत्र नसतं तरी चाललं असतं. सरपंचांना मी यादी वाचून दाखवत होतो. सातव्या निरोपाला कोंडाबाई आतून बाहेर आल्या.

"माज्या सुनंला दिस भरल्यात हे सरकारला कसं म्हाईत?"

मी म्हणालो, आजी, ही खोटी बाई आहे, कागदावरची.

"आमची खरी हाय. सकाळधरनं कळा सुरू झाल्यात. सुईण आत बसलीया." आणि समाधानानं म्हणाल्या, "सरकारला लई लवकर कळलं की."

दुपारी एकला सराव सुरू झाला. पहिला निरोप दिला, दुसरा दिला. तेवढ्यात वरच्या अंगाला आभाळ फाटलं आणि बघता बघता गावाबाहेरचा ओढा दोन्ही थडी भरून वाहायला लागला. कुर्डुवाडीचा रस्ता बंद. सरपंच खूश झाले. म्हणाले, "यंत्रासंगं पूर बी घेऊन आला व्हय सायेब? लई तयारीचं हाय तुमचं." मीही हसलो. मला संध्याकाळपर्यंत कुठंच जायचं नव्हतं. विजा चमकत होत्या, यंत्रात खरखर वाढली होती, तरी सदाशिवचा आवाज येत होता. पाचवा निरोप गेला.

तेव्हा सुईण बाहेर आली. हात पुसत होती आणि कुणाकडंच बघत नव्हती. म्हणाली, "मूल आडवं हाय. हात भाईर आलाय. माज्या हातचं न्हाय आता. डॉक्टर आला तर दोगं वाचत्याल, न्हाय तर दोगंबी जात्याल."

 मी माईक उचलला. घाबरलो होतो, आणि सकाळपासून जीभ ज्या वळणावर पडली होती त्याच वळणावर गेली. मी म्हणालो, "सराव, सराव. शिरसवाडीत बाई अडली आहे, मूल आडवं आहे, डॉक्टर ताबडतोब पाठवा. सराव, सराव. ओव्हर."

खरखरीतून सदाशिव म्हणाला, "निरोप मिळाला. पण मल्लिनाथ, पाचव्यानंतर तू एकदम सातवा दिलास. सहावा राहिला. सहावा बैलांचा आहे. ओव्हर."

मी म्हणालो, अरे सराव नाही, हे खरं आहे, खरंच बाई अडलीय.

"वा. आवाजात अगदी खरेपणा आणलास. भाऊसाहेब पण मान डोलावताहेत. आता सहावा दे. ओव्हर."

मी आईची शपथ घातली. तो म्हणाला, शपथ यादीत नाही, पण चांगली सुचली. मी ओरडलो, तर माझा आवाज फाटून नुसती खरखर गेली असावी, कारण तो म्हणाला, "शब्द कळले नाहीत. बैल किती म्हणालास? ओव्हर."

त्याचा काय दोष? हातात कागद, कागदावर तीच बाई, तेच गाव. त्याच्या जागी मी असतो तर मीही बैलच मागितले असते. कोंडाबाई शेजारी उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. आतून सून ओरडली, आणि मग तिचा आवाजच येईना. कोंडाबाईंनी हात पुढं केला.

"दे हिकडं."

काय सांगू, त्या वेळीसुद्धा मला नियम आठवला. लायसन जाईल हेही मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग महानंदाचा पुढं केलेला हात आठवला, गच्चीवरचा, असाच. मी कोंडाबाईंच्या हातात माईक दिला आणि त्यांचा अंगठा बटणावर दाबून धरला.

"आरं ए कुर्डुवाडीच्या," त्या म्हणाल्या, "बैलं घाल खड्ड्यात. हितं माजी सून मराया लागलीया. तुला आय हाय का न्हाय? का तुला बी असंच कागदावर लिवून जल्माला घातला? ऊठ आदी. डॉक्टरला घेऊन ये, न्हाय तर मी तितं यीन." आणखीही बऱ्याच गोष्टी म्हणाल्या. त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. बटण सोडायला त्या तयारच नव्हत्या, मी अंगठा उचकटून काढला.

यंत्रात नुसती खरखर. मग सदाशिवचा आवाज, हळू.

"मल्लिनाथ, माईकवर कोण होतं?"

"बाईची सासू."

"तू माईक दिलास?"

"दिला."

 मग खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "निघालो." ओव्हर म्हणाला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे दोन तास कसे काढले ते मला विचारू नका. मी यंत्र चालूच ठेवलं होतं. अर्ध्या तासानं त्यातून अनोळखी आवाज आला, "हॅलो. सहावा निरोप द्यावा. ओव्हर." अव्वल कारकून एकटेच बसले होते, आणि बटण कुठलं दाबायचं ते त्यांनी बघून ठेवलं होतं. लायसन नसलेला हा दिवसातला दुसरा माणूस. मी सांगितलं, साहेब, सराव संपला. ते म्हणाले, पाच वाजेपर्यंत आहे, आणि दर पाच मिनिटांनी बैल मागत राहिले. शेवटी मी चारही बैल पाठवले, पांढरा सुद्धा. तेव्हा कुठं ते गप्प झाले.

सदाशिव सायकलवर दवाखान्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंना जीपमध्ये घालून ओढ्यापर्यंत आणलं. इकडून गावच्या पोहणाऱ्यांनी गुळाची काहील पाण्यात लोटली. रस उकळायची ती भली मोठी कढई, आमच्या भागात पुराला हीच होडी. पण काहील सरळ जात नाही, गरगर फिरते. पुढं सदाशिव, मधे बाई, बाईंच्या डोक्यावर बॅग, आणि दोघं सगळ्या दिशांना बघत बघत अलीकडं आले. डॉक्टरीणबाई काठावर उतरल्या, आधी उलटी केली, मग चूळ भरली आणि विचारलं, "बाई कुठंय?" पुढं अर्ध्या तासानं आतून मूल रडलं. सून वाचली. मुलगी झाली होती. कोंडाबाई तिथंच जोत्यावर बसल्या आणि इतका वेळ न आलेलं रडू त्यांना तेव्हा आलं.

सदाशिव चिखलानं माखून लिंबाखाली उभा होता. आमची ही तिसरी भेट. मी म्हणालो, माझ्या ओरडण्यानं तुला कळलं नाही, आणि आजीच्या शिव्यांनी कळलं होय?

"शिव्यांनी नाही," तो म्हणाला. "भाऊसाहेबांनी एखादी बाई नाटकाला उभी केली असेल, असंही वाटलं असतं. पण तू माईक दिलास. स्वतःच्या बायकोला दिला नाहीस तो. म्हटलं, खरंच कुणीतरी मरतंय."

मला तोंड वर करता येईना. अव्वाची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, दोन वर्षांपूर्वी, नियम पाळल्याची बढाई म्हणून. तेव्हा त्यानं "शाब्बास" म्हटलं नव्हतं, एवढं मला आता आठवलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. महानंदाला सगळं सांगितलं. बैलांना ती हसली, काहिलीला तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कोंडाबाईंच्या हातात माईक दिला तिथं आलो आणि ती हसायची थांबली. पदरानं डोळे पुसले आणि मराठीत म्हणाली,

"म्हणजे देता येत होता."

 ती उठून आत गेली. मी रात्रभर कूस बदलत राहिलो.

सकाळी सहाला गच्चीवर यंत्र लावलं. सदाशिवला म्हणालो, तिसऱ्या गल्लीत जा आणि माझ्या मेहुणीला घेऊन ये. त्यानं कलम विचारलं नाही. मग मी जिना उतरून खाली गेलो आणि महानंदाला म्हणालो, अक्का बोलायला बसलीय, वर चल. ती परातीतली भाकरी तशीच टाकून आली. पिठाच्या हातानं माईक धरला. मी बटण दाखवलं, ओव्हर कधी म्हणायचं ते सांगितलं. थोडा वेळ दोघी बहिणी नुसत्याच "अक्का, ओव्हर", "महानंदा, ओव्हर" एवढंच म्हणत होत्या. मग कन्नडमध्ये सुरू झाल्या. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. अव्वा शेवटी काय म्हणाली, काय मागितलं, कुणाचं नाव घेतलं, हे महानंदानं अक्काला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. बोलणं झाल्यावर ती खाली गेली, आणि थोड्या वेळानं कपबशी घेऊन परत वर आली. "चहा कुडीतीरी?" म्हणाली, म्हणजे चहा घेणार का, आणि तेही कन्नडमध्ये. कपाच्या कानाला पीठ लागलं होतं.

यंत्रावर जे जे बोललं जातं त्याची नोंद वहीत करायची असते, आणि आम्ही दोघं जन्मात खोटी नोंद करणाऱ्यांतले नव्हतो. वह्या दिल्लीला तपासणीला गेल्या. तिथून खुलासा मागणारं पत्र आलं, सोबत छापील फॉर्म. अनधिकृत व्यक्ती चार: एक म्हातारी, एक अव्वल कारकून, एक पत्नी, एक मेहुणी. म्हातारीबद्दल आमचं कौतुक झालं. कारकून सरकारी असल्यामुळे सुटले. पत्नी आणि मेहुणीबद्दल आम्हा दोघांना सहा महिने बंदी. ते सहा महिने मी आणि सदाशिव रोज एकमेकांना पोस्टकार्ड टाकत होतो, तुझ्याकडं हवा कशी आहे, आणि शेवटी दोघंही ओव्हर लिहायचो.

त्या फॉर्मची नक्कल माझ्याकडं अजून आहे. त्यात एक रकाना होता, "तातडीचे कारण". म्हातारीपुढं मी लिहिलं होतं, बाळंतपण. कारकुनापुढं, बैल. महानंदाच्या नावापुढं काय लिहावं ह्यावर एक अख्खा दिवस गेला, आणि शेवटी खरं तेच लिहिलं, दोन वर्षे उशीर झाला होता.